मधुमेहाचे प्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयाच्या ३६ व्या वर्षी माझी उपाशीपोटीची साखर १८२ निघाली आणि पुढची पावणेतीन वर्षं मी टाइप २ चा रुग्ण म्हणून गोळ्या घेतल्या. मुळात मला टाइप २ नव्हताच. तेव्हापासून नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे शेजारीसुद्धा मला मधुमेहाच्या प्रकारांबद्दल विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढले. मी डॉक्टर नाही. इथलं वाचून कुणी परस्पर औषध बदलू नये. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र इथून खुशाल उचला.

मधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढणं. त्यात प्रकार कसले?

ताप म्हणजे अंग गरम होणं, पण मलेरियाचा ताप आणि टायफॉइडचा ताप यांना आपण एकच औषध देत नाही. साखरेचंही तसंच आहे. वाढलेली साखर हे लक्षण झालं. ती का वाढली, यावरून प्रकार ठरतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. आपण दिवसभरात त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज पोटात टाकतो, तरी रक्तातला तो चमचा फारसा हलत नाही. हे सांभाळण्यात स्वादुपिंडातल्या बीटा पेशींचा वाटा सर्वांत मोठा. त्या इन्सुलिन तयार करतात, इन्सुलिनमुळे स्नायू आणि चरबी साखर आत घेतात, आणि यकृत साखर बाहेर सोडणं आवरतं घेतं. या साखळीत बिघाड कुठेही होऊ शकतो. बीटा पेशी मारल्या जातात, किंवा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, किंवा एखादं जनुकच चुकीचं असतं, किंवा अख्खं स्वादुपिंडच आजारी पडतं. ग्लुकोमीटरवर मात्र सगळ्यांचा आकडा सारखाच दिसतो.

टाइप १ मध्ये नेमकं काय होतं?

शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटते. हे एका रात्रीत घडत नाही. महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं पेशी मरत असतात आणि माणूस हिंडत-फिरत असतो. उरलेल्या पेशींना झेपेनासं झालं की मग एकदम तहान, सारखी लघवी, वजन भराभर उतरणं, असा सगळा प्रकार सुरू होतो. घरच्यांना वाटतं, पंधरा दिवसांत झालं. खरं तर पंधरा दिवसांत फक्त दिसलं.

इथे इन्सुलिन बाहेरून घेण्याला पर्याय नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ झालेलं मूल फार दिवस काढत नसे. अगदी अर्धपोटी ठेवून, आहार कडक करून थोडे महिने वाढवता येत, इतकंच. ‘इन्सुलिनची सवय लागते’ असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. सवय आपल्या सगळ्यांना जन्मापासूनच असते. फक्त इतरांचं इन्सुलिन आतून येतं.

आणि टाइप २ मध्ये?

जगातल्या मधुमेह्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक या प्रकारातले. स्नायू, यकृत आणि चरबी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहतं. बरीच वर्षं असं ओढून-ताणून भागतं.

कुलूप-किल्लीची उपमा तुम्ही ऐकली असेल: किल्ली आहे, पण कुलूप गंजलंय. ऐकायला छान आहे, पण अर्धीच खरी आहे. कारण नुसतं कुलूप गंजून मधुमेह होत नाही. इन्सुलिनला दाद न देणारं शरीर घेऊन जन्मभर मधुमेहाशिवाय जगणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या बीटा पेशी पुरून उरतात. ज्यांच्या पेशी दमतात, त्यांची साखर चढते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की निदान होतं त्या दिवशी टाइप २ च्या माणसाची बीटा पेशींची क्षमता जवळपास निम्म्यावर आलेली असते. म्हणून काही वर्षांनी गोळ्या पुरेनाशा झाल्या तर तो रुग्णाचा गुन्हा नसतो. पथ्य पाळलं नाही म्हणून त्याला फैलावर घेणारे नातेवाईक आणि काही डॉक्टरसुद्धा हे विसरतात.

टाइप १ मुलांचा आणि टाइप २ मोठ्यांचा, बरोबर ना?

पूर्वी तसं मानत. टाइप १ साठी ‘जुव्हेनाइल’ म्हणजे बालवयातला असाच शब्द होता. पण टाइप १ कुठल्याही वयात होतो, साठीतही. आणि वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये आता टाइप २ सर्रास दिसतो.

नावांचा हा घोळ जुना आहे. दोन तऱ्हेचे रुग्ण असतात हे सुश्रुतसंहितेतही आहे. एक ‘सहज’, म्हणजे जन्मजात, कृश आणि फार तहानेला. दुसरा ‘अपथ्यनिमित्तज’, स्थूल आणि खादाड. आजच्या प्रकारांशी ते तंतोतंत जुळत नाहीत, पण निरीक्षण बारकाईचं आहे. आधुनिक वैद्यकात १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना इन्सुलिन आणि ग्लुकोज बरोबरच देऊन पाहिलं. काहींची साखर आवरली जायची, काहींची आवरली जायची नाही. तिथून दोन वेगळे आजार असल्याची कल्पना पक्की होत गेली. १९७९ मध्ये ‘इन्सुलिनवर अवलंबून असलेला’ आणि ‘अवलंबून नसलेला’ अशी अधिकृत नावं आली. त्यांनीही गोंधळच वाढवला, कारण दुसऱ्या गटातल्या कित्येकांना पुढे इन्सुलिन लागायचंच. मग १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने ती नावं मोडीत काढून साधे आकडे ठेवले: टाइप १ आणि टाइप २.

मला इन्सुलिन सुरू केलं. माझा टाइप २ आता टाइप १ झाला का?

नाही. प्रकार कारणावरून ठरतो, औषधावरून नाही. टाइप २ असलेला माणूस वीस वर्षं इन्सुलिन घेत असला तरी तो टाइप २ चाच.

एचबीए१सी बरंच जास्त आलंय. म्हणजे टाइप १ असेल का?

एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ती प्रकाराबद्दल चकार शब्द काढत नाही. मधुमेह आहे की नाही, एवढंच या तपासण्या सांगतात: उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं ठळक असतील तर कुठल्याही वेळची २०० च्या वरची साखरही पुरते. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

रक्तक्षय असेल, हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सी दिशाभूल करू शकतं. तेव्हा थेट साखर मोजलेली बरी.

मग प्रकार कशावरून कळतो?

बहुतेकांच्या बाबतीत समोरच्या माणसाकडे नीट पाहूनच. वय किती, वजन कसं आहे, लक्षणं किती दिवसांत आली, घरात कुणाला आहे, लघवीत कीटोन, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळाली की तयार होणारे पदार्थ, आहेत का. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट आणि हाताला मखमलीसारखी लागत असेल, तर शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. कित्येक जण वर्षानुवर्षं ती मळ समजून घासत बसतात.

चित्र स्पष्ट नसेल तर रक्ताच्या दोन तऱ्हेच्या तपासण्या कामी येतात.

पहिली अँटिबॉडींची, म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांची. जीएडी ही त्यातली मोठ्या माणसांसाठी सर्वांत उपयोगी. शिवाय आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८. यातली एखादी पॉझिटिव्ह आली तर हल्ला प्रतिकारशक्तीचाच आहे असं समजतात. निगेटिव्ह आली म्हणून टाइप १ नाहीच, असं मात्र होत नाही. टाइप १ च्या थोड्या रुग्णांत कुठलीच अँटिबॉडी सापडत नाही.

दुसरी सी-पेप्टाइडची, आणि ही मला फार आवडते. बीटा पेशी आधी एक लांब प्रथिन तयार करतात. ते कापलं जातं तेव्हा इन्सुलिन सुटं होतं आणि मधला तुकडा उरतो. तो तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. जितकं इन्सुलिन तितकेच हे तुकडे. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो, त्यामुळे माणूस इंजेक्शन घेत असला तरी त्याचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय ते यावरून मोजता येतं. सुताराने किती फळ्या कापल्या ते खाली पडलेल्या भुशावरून ओळखावं, तसं. ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर इन्सुलिनचा तुटवडा गंभीर, १.८ च्या वर असेल तर टाइप २ कडे झुकतं माप, आणि मध्ये आलं तर थोडं थांबून पुन्हा तपासायचं.

एक अडचण आहे. निदान नवं असताना टाइप १ मध्येही सी-पेप्टाइड बऱ्यापैकी असू शकतं, कारण काही पेशी अजून जिवंत असतात. उलट टाइप २ मध्ये साखर फार दिवस चढलेली असेल तर पेशी तात्पुरत्या मलूल पडतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून ही तपासणी एकटी वाचायची नसते. त्याच वेळची साखर किती होती, हेही शेजारी लिहिलेलं असावं.

लाडा म्हणजे काय? त्यालाच टाइप १.५ म्हणतात का?

हो, बोलीभाषेत म्हणतात. मोठ्या वयात, हळूहळू येणारा प्रतिकारशक्तीचा मधुमेह. नाव लाडाचं असलं तरी वागणं तसं नाही.

साधारण तिशीनंतर सुरुवात होते, जीएडी अँटिबॉडी सापडते, आणि निदानानंतर किमान सहा महिने तरी इन्सुलिनशिवाय निभावतं. हे शेवटचंच फसवतं. गोळ्यांनी साखर उतरते, सगळे खूश होतात आणि टाइप २ असं फाइलवर लिहून मोकळे होतात. यूकेपीडीएसमध्ये टाइप २ समजून घेतलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांत जीएडी अँटिबॉडी निघाली होती.

माझं तेच झालं. पहिल्या वर्षी एचबीए१सी ६.६ पर्यंत आलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. दुसऱ्या वर्षी गोळ्या वाढल्या. तिसऱ्या वर्षी पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग आणखी एक. लोक म्हणायचे, वा, काय बारीक झालास! मी रोज तासभर चालत होतो, मोजून-मापून खात होतो, तरी सकाळची साखर २४० च्या आसपास. ‘तुम्ही काहीतरी लपवताय,’ असं मला एका दवाखान्यात ऐकवलं गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी माझा पट्टा पाहिला. त्यांनी जीएडी आणि सी-पेप्टाइड करायला सांगितलं. जीएडी पॉझिटिव्ह, सी-पेप्टाइड ०.४. इन्सुलिन सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी मी रात्रभर सलग झोपलो. त्याआधी रात्री तीन-चारदा लघवीला उठणं मी वयाच्या खात्यावर टाकलं होतं, तेही एकोणचाळिशीत.

माणूस बारीक असेल तर टाइप २ होऊच शकत नाही ना?

होतो. वजनकाट्याला फक्त एकूण भार कळतो, चरबी कुठे साठली आहे ते कळत नाही. हातपाय काटकुळे आणि चरबी सगळी पोटात, यकृतात, असं शरीर असेल तर वजन नेमस्त असूनही टाइप २ होतो. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हे विशेष दिसतं. आणि उलटही खरं: वजन जास्त असलेल्या माणसाला टाइप १ होऊ शकतो. त्यामुळे शरीरयष्टी हा पुरावा आहे, निकाल नाही.

मोडी नावाचाही एक प्रकार आहे म्हणे?

आहे, आणि मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही. हा इंग्रजी आद्याक्षरांचा योगायोग. यात एकाच जनुकात दोष असतो आणि तो आईकडून किंवा वडिलांकडून येण्याची शक्यता प्रत्येक मुलाला ५० टक्के. त्यामुळे आजोबा, मुलगी, नातू अशी सरळ ओळ दिसते, आणि बहुतेकांना पंचविशीच्या आतबाहेरच मधुमेह झालेला असतो. वजन नेमस्त, अँटिबॉडी निगेटिव्ह, सी-पेप्टाइड शाबूत.

ओळखण्याचा फायदा इतका मोठा आहे की शंका आली तर जनुकीय तपासणी करून घ्यावीच असं माझं मत. जीसीके जनुकातला दोष असेल तर साखर जन्मभर किंचित वर राहते, उपाशीपोटी साधारण १०० ते १४५ च्या दरम्यान, आणि बहुतेकांना गर्भारपणाचा काळ सोडला तर औषधच लागत नाही. एचएनएफ१ए मधला दोष असेल तर सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या, साध्या गोळ्यांचा अगदी थोडा डोसही झकास काम करतो. टाइप १ समजून वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचणाऱ्या काहींची सुई यामुळे सुटली आहे.

तान्ह्या बाळाला मधुमेह झाला तर तो टाइप १ च असणार?

सहा महिन्यांच्या आत झाला असेल तर जवळजवळ नक्कीच नाही. तो बहुधा जनुकीय असतो आणि लगेच जनुकीय तपासणी करायची असते. केसीएनजे११ या जनुकाचा संबंध २००४ मध्ये कळला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा दोष असलेल्या ४९ रुग्णांना इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा ४४ जणांचं इन्सुलिन बंद झालं. मधुमेहाच्या वैद्यकात इतकी सुखद गोष्ट क्वचितच घडते.

गर्भारपणात साखर वाढली. बाळंतपणानंतर जाईल का?

बहुतेकींची जाते. वार, म्हणजे प्लॅसेंटा, अशी संप्रेरकं सोडते की आईचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. बाळाला साखर मिळत राहावी यासाठी निसर्गाने केलेली ती सोय. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे भरून काढतं, काहींचं कमी पडतं. म्हणून २४ ते २८ आठवड्यांच्या सुमारास ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासतात. इथल्या मर्यादा नेहमीपेक्षा कडक आहेत: उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक जरी आकडा गाठला तरी निदान होतं. ९२ ऐकून ‘एवढीशी तर आहे’ म्हणत डॉक्टरांशी वाद घालू नका. हे आकडे बाळाच्या दृष्टीने ठरवले आहेत.

वार पडली की साखरही उतरते. पण गोष्ट तिथे संपत नाही. अशा स्त्रियांना पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा ग्लुकोजची तपासणी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी. ही तपासणी हमखास राहून जाते, कारण तोवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे लागलेलं असतं. नवऱ्याने किंवा सासू-आईने तारीख लिहून ठेवावी.

आणखी एक. साखर पहिल्या तीन महिन्यांतच बरीच जास्त निघाली, तर तो बहुधा आधीपासूनचा मधुमेह असतो, गर्भारपणात फक्त सापडलेला.

स्वादुपिंडाला सूज येऊन गेली, त्यानंतर मधुमेह झाला. हा कोणता?

याला टाइप ३सी म्हणतात. जुनाट सूज, शस्त्रक्रियेत काढलेला भाग, सिस्टिक फायब्रोसिस, कर्करोग, अशा कुठल्याही कारणाने स्वादुपिंड खराब झालं की हा होतो, आणि बहुधा त्यावर टाइप २ असंच लिहिलं जातं. यात इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉनही घटतं. ग्लुकॅगॉन म्हणजे साखर फार उतरली की ती वर ओढणारं संप्रेरक. त्यामुळे या लोकांची साखर खाली गेली की पटकन सावरत नाही. शिवाय पाचकरस कमी पडतात. शौच तेलकट, तरंगणारं, दुर्गंधीचं होत असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, त्यावर एन्झाइमच्या गोळ्या मिळतात.

पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही विनाकारण उतरतंय, तर स्वादुपिंड एकदा तपासून घ्यायला हवं.

स्टेरॉइडमुळे साखर वाढते का?

वाढते. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं की दुपारनंतर आणि संध्याकाळी साखर चढते, पहाटेपर्यंत पुन्हा उतरते. म्हणून उपाशीपोटीची साखर छान दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. स्टेरॉइड चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहा. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही साखर वाढते. कर्करोगावरच्या काही नव्या इम्युनोथेरपी औषधांमुळे थोड्या रुग्णांना टाइप १ सारखाच, एकाएकी आणि तीव्र मधुमेह होतो. कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड तर अजिबातच नाही.

टाइप ३, ४ आणि ५ सुद्धा असतात का?

टाइप ३ हे काही जण अल्झायमर्सला म्हणतात, पण ते मान्य वर्गीकरण नाही. टाइप ४ ही अजून तरी संशोधनाच्या लेखांतली गोष्ट.

टाइप ५ ची कहाणी वेगळी. लहानपणापासूनच्या कुपोषणामुळे बीटा पेशींची नीट वाढ होत नाही आणि कृश तरुणांना मधुमेह होतो. १९५५ मध्ये जमैकात अशा रुग्णांचं वर्णन झालं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणजन्य मधुमेह हा वेगळा प्रकार मानला आणि १९९९ मध्ये यादीतून काढून टाकला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. यात इन्सुलिन कमी असतं, पण प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतो आणि शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतं. म्हणून टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक इतकी उतरू शकते. ज्यांच्या घरात दोन वेळच्या अन्नाचीच भ्रांत, त्यांना हे फारच महागात पडतं.

डायबेटिस इन्सिपिडस हा कोणता प्रकार?

कोणताच नाही. साखरेशी त्याचा संबंध नाही. लघवी आवरणारं संप्रेरक कमी पडल्याने किंवा मूत्रपिंडाने त्याला दाद न दिल्याने पाण्यासारखी भरपूर लघवी होते, एवढंच साम्य. गोंधळ टाळायला २०२२ मध्ये त्याचं नावच बदललं.

प्रीडायबेटिस हा सौम्य प्रकार आहे का?

तो टाइप २ च्या वाटेवरचा थांबा आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४. इथून परत फिरता येतं. ‘बॉर्डरलाइन आहे’ म्हणून फाइल कपाटात टाकणाऱ्यांना ते कळत नाही, एवढंच.

कोणता प्रकार जास्त आनुवंशिक?

टाइप १ आणि टाइप २ यांत विचाराल तर टाइप २. ऐकणाऱ्याला धक्का बसतो, कारण टाइप १ लहानपणी होतो म्हणजे तो रक्तातूनच आला असणार असं वाटतं. प्रत्यक्षात टाइप १ झालेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त लोकांच्या जवळच्या नात्यात कुणालाच टाइप १ नसतो. सख्ख्या भावंडाला टाइप १ असेल तर धोका सुमारे ५ टक्के. टाइप २ मात्र घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालतो. मूल टाइप १ चं निघालं की आईला बोल लावणारे लोक भेटतात: गरोदरपणी गोड खाल्लं, लहानपणी चॉकलेटं दिली. गोड खाण्याने टाइप १ होत नाही. आईने काही केलं म्हणून होत नाही, काही केलं नाही म्हणूनही होत नाही.

मधुमेह पूर्ण बरा होतो का?

टाइप २ मध्ये ‘रेमिशन’ शक्य आहे: औषधं बंद करून निदान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, कमी उष्मांकाचा आहार देऊन वजन उतरवलेल्या गटात वर्षाअखेर ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. हे सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते, हे विसरू नये. वजन परत आलं की साखरही परत येते.

टाइप १ मध्ये इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवडे ते काही महिने गरज अचानक घटते. याला ‘हनिमून’ म्हणतात. उरलेल्या पेशींना विसावा मिळतो, त्या थोडं काम करतात. नेमक्या याच काळात कुणीतरी काढा, चूर्ण किंवा खात्रीचा उपाय घेऊन येतं आणि श्रेय लाटतं. त्यांच्या नादी लागून इन्सुलिन थांबवू नका. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब हे औषध, ज्यांना टाइप १ होऊ घातला आहे पण लक्षणं सुरू झालेली नाहीत, अशांमध्ये आजार अभ्यासात सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलू शकलं. पुढे ढकललं म्हणजे बरा केला नव्हे, पण सहावीतल्या मुलासाठी दोन वर्षं खूप असतात.

तातडीने दवाखान्यात कधी न्यायचं?

उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात चालणारा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. ही कीटोअॅसिडोसिसची लक्षणं. इन्सुलिन अगदीच नसलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. टाइप १ चं निदान कित्येकदा अशाच अवस्थेत होतं, आणि पोटदुखी पाहून आधी अपचनाचं औषध दिलं जातं. तहानलेलं, वारंवार लघवीला जाणारं, पुन्हा अंथरुण ओलं करू लागलेलं मूल दिसलं की त्याच दिवशी बोटातून साखर तपासा. एक थेंब रक्त लागतं.

टाइप १ च्या माणसाने आजारपणात जेवण गेलं नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. आणि एसजीएलटी२ गटातल्या, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. माझ्यासारख्या, प्रकार चुकलेल्या रुग्णाला त्या दिल्या तर हा धोका वाढतो.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

‘डॉक्टर, हा टाइप २ च आहे असं तुम्ही कशावरून ठरवलं?’ आवाज न चढवता. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. वजन आपोआप उतरत असेल, गोळ्या वर्ष-दोन वर्षांतच निकामी ठरत असतील, घरात थायरॉइड किंवा सीलिअॅकसारखे प्रतिकारशक्तीचे आजार असतील, तर पुढचा प्रश्न: ‘जीएडी आणि सी-पेप्टाइड करून पाहायचं का?’ टाइप २ चं चित्र लख्ख असेल तर या तपासण्यांवर पैसे घालायची गरज नाही.

जुन्या फाइलवर चुकीचा प्रकार लिहिलेला असेल तर?

बदलून घ्या, आणि सगळीकडे बदलून घ्या. मला हे दोन वर्षांनी कळलं, हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री. मी उपाशी होतो, नर्सने जुना डिस्चार्ज पेपर पाहिला, ‘टाइप २, गोळ्या’ असं वाचलं आणि रात्रीचं इन्सुलिन देऊ नका असं चार्टवर लिहिलं. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. मी झोपलो असतो तर सकाळपर्यंत कीटोन वाढले असते. आता पाकिटात एक कागद असतो, त्यावर प्रकार, जीएडीचा निकाल, सी-पेप्टाइडचा आकडा आणि ‘इन्सुलिन पूर्ण बंद करू नये’ एवढं ठळक अक्षरात. जुन्या फाइलच्या पहिल्या पानावरचा २ मी डॉक्टरांकडूनच खोडून घेतला आणि शेजारी त्यांची सही घेतली.